आमच्या बॅचची चौदा शब्दचित्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरात बडोद्यात आमच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं, त्यात मी वर्गातल्या चौदा जणांवर लिहिलेली छोटी छोटी शब्दचित्रं वाचून दाखवली. प्रत्येक एक पानाचं. तेव्हापासून फोन सुरू आहेत, ज्यांना यायला जमलं नाही त्यांचे, ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्या बायकांचे-नवऱ्यांचे, दोघातिघांच्या तर मुलांचे पण. प्रश्न साधारण तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

कुठलं कॉलेज आणि कुठली बॅच?

बडोद्याचं कलाभवन. कागदावरचं नाव लांबलचक आहे, महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फॅकल्टी ऑफ टेक्नॉलॉजी अँड इंजिनिअरिंग, पण रिक्षावाल्याला कलाभवन म्हटलं की तो बरोब्बर आणून सोडतो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलं, पहिले प्रिन्सिपल प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर. विद्यापीठ पुष्कळ नंतर आलं, १९४९ मध्ये. दादासाहेब फाळके सुद्धा कलाभवनचे विद्यार्थी, आणि पहिल्या वर्षी हे कळल्यावर आमच्यातल्या प्रत्येकाने घरी जाऊन निदान एकदा तरी सांगितलंय की फाळके आमचे सिनियर होते. आम्ही इलेक्ट्रिकलवाले, १९९८ ला आत आलो आणि २००२ ला बाहेर पडलो.

खरी नावं का नाही लिहिली?

कारण चार वर्षं आम्ही ती वापरलीच नाहीत! खरं नाव फक्त हजेरीला आणि हॉल तिकिटावर. माझ्या आईला आजही माझ्या मैत्रिणीचं नाव आठवत नाही, ती म्हणते, "अगं ती जीटी कशी आहे?" शिवाय सगळे आता मोठ्या हुद्द्यांवर आहेत, हाताखाली माणसं आहेत, तेव्हा टोपणनावं आपली आपल्यात.

जीटीच्या शीटवरून खरंच अकरा जणांनी शीटं काढली होती का?

अकराच. मोजून.

ज्यांनी इंजिनिअरिंग केलं नाही त्यांच्यासाठी सांगते, जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन बाजूला दोन स्टुलं, वर मोठी काच, काचेखाली ट्यूबलाईट, काचेवर कोणाचं तरी पूर्ण झालेलं ड्रॉईंग आणि त्यावर आपली कोरी शीट, की खालच्या रेषा वर दिसतात आणि आपण पेन्सिल फिरवायची. आमच्या जीटीचं घर दांडिया बाजारात, जुना वाडा, जिना चढताना डोकं सांभाळायला लागायचं, आणि काच होती तिच्या आजोबांच्या पुस्तकांच्या कपाटाची, दार बिजागऱ्यांसकट काढून आणलेलं. सबमिशनच्या आदल्या रात्री तिथे एवढी माणसं असायची की चपला जिन्यावर खालपर्यंत. रात्री दोनला तिची आजी उठायची आणि आम्हाला वाटायचं आता ओरडा बसणार, तर ती कढई चढवायची, "उपाशी पोटी रेघ सरळ येत नाही" म्हणायची आणि पोहे करायची.

जीटीचा हात म्हणजे काय होता ते मी शब्दात कितीही सांगितलं तरी कमीच पडेल. टू-एच पेन्सिलची रेष, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच दाबाची, कुठे जाड नाही कुठे पुसट नाही, आणि डायमेन्शनचे बाण सगळे एका मापाचे. पण एका शीटमध्ये तिची एक डॉटेड लाइन राहिली. एक ब्रॅकेट होतं, त्याच्या साइड व्ह्यूमध्ये आतलं भोक दाखवायची तुटक रेघ. ती राहिली म्हणजे अकराही शीटांमध्ये राहिली, शिवाय तिची स्वतःची. सरांनी बाराच्या बारा शीटं टेबलावर ओळीने मांडली, काही बोलले नाहीत, फक्त एकेका शीटवर त्याच जागी बोट ठेवत पुढे गेले. सगळे खाली बघत होते. तेव्हा ही उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पहिली माझी."

माझ्या चित्रात मी एवढंच लिहिलंय, पण पुढचं पण विचारतात म्हणून सांगते. सरांनी सगळ्यांना परत काढायला लावलं, वर्गात, समोर, काचेशिवाय. आणि जीटी स्वतःची शीट तासाभरात संपवून उरलेला वेळ एकेकाच्या टेबलापाशी जाऊन प्रोजेक्शन, म्हणजे एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी काढायची ते, समजावत बसली, सरांनी बघितलं आणि बघूनही हाक मारली नाही. मला स्वतःला हे ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन त्या दुपारी समजलं.

सिरीज मोटर हे नाव कसं पडलं? मराठी मालिकांशी काही संबंध आहे का?

नाही, मालिकांशी काही नाही. डीसी सिरीज मोटर. तिची गंमत अशी की ती रिकामी चालवायची नसते, लोड नसला की स्पीड वाढतच जातो, वाढतच जातो, आणि शेवटी आर्मेचरचं, म्हणजे आतल्या फिरत्या भागाचं, तारांचं वाइंडिंगच बाहेर फेकलं जातं. म्हणून लॅबमध्ये पहिला नियम, आधी लोड जोडा मग स्विच. पण सुरुवातीचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, जबरदस्त, म्हणून तर ट्रॅम आणि रेल्वेची इंजिनं वर्षानुवर्षं तिच्यावर चालली.

आमचा हा मित्र म्हणजे डिट्टो. सुट्टी लागली, हातात काम नाही, की काय करेल भरवसा नाही. एकदा रात्री अकराला सुरसागर तलावाच्या काठावर बसलो होतो तर म्हणाला चला पावागडला, चालत! पन्नासेक किलोमीटर आहे हो. आणि पाच मुलं निघाली पण. पहाटे वाटेतल्या जरोदला पोचली, पायाला फोड आलेले, तिथून एसटी पकडून परत, आणि हा एसटीत पण उभाच, कारण त्याला अजून उत्साह होता.

पण त्याच्यावर लोड टाका आणि मग बघा. दुसऱ्या वर्षी वर्गातल्या एकाचे वडील दवाखान्यात होते, पंधरा-सोळा दिवस, घरात तो एकटाच मुलगा. सिरीजने संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर तक्ता केला, कोण कुठल्या रात्री झोपायला, कोण सकाळी डबा नेणार, कोणाचा रक्तगट काय, आणि ज्या रात्रींना कोणी मिळालं नाही तिथे स्वतःचं नाव टाकलं. अशा सहा रात्री निघाल्या. त्या पोराने पेपर बुडवला नाही एकही, कारण नोट्स पण सिरीजच पोचवत होता. मी चित्राचं शेवटचं वाक्य लिहिलं होतं की याला कधी रिकामं ठेवू नका, तर त्याच्या बायकोने फोन करून सांगितलं की ते वाक्य तिने फ्रिजवर लावलंय.

सगळे मराठीच होते का?

अजिबात नाही. मराठी आम्ही सातआठ जण होतो, बाकी गुजराती, दोन सिंधी, एक मल्याळी. बडोद्यात हे वेगळं सांगायची गरज नसते पण मुंबई-पुण्याचे नातेवाईक विचारतात म्हणून सांगितलं. लॅबमध्ये भाषा अशी की वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मधे गुजराती, आकडे इंग्रजीत.

आणि इथे आपोबद्दल सांगायलाच हवं. आपो अमरेलीचा, हॉस्टेलवर राहायचा, आणि मेसमधल्या जेवणाला कंटाळून आमच्यापैकी कोणाच्याही घरी जेवायला यायचा. मराठी शिकला तो जेवता जेवता. "काकू, अजून एक पोळी आपो ने!" हे त्याचं पहिलं वाक्य, 'आपो' म्हणजे गुजरातीत 'द्या', म्हणून आपो. आमटीला तो 'मराठी दाळ' म्हणायचा आणि पुरणपोळीच्या दिवशी कोणाच्या घरी काय आहे याची बातमी त्याला आमच्या आधी असायची. कोणी त्याला गावाकडचा म्हणून चिडवलं की त्याच्याकडे एक ठरलेलं उत्तर होतं, "सक्तीचं मोफत शिक्षण सयाजीरावांनी १८९३ ला पहिलं अमरेलीत सुरू केलं, सगळ्या बडोदा राज्यात १९०६ ला. म्हंजे आम्ही तुमच्या आधी तेरा वर्षं शाळेत जातोय!" यावर बडोद्याच्या कोणालाही आजवर काही बोलता आलेलं नाही.

त्याची दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. लॅबमध्ये एक वायरमनकाका होते, हात सोन्याचे, पण स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोटरची वाइंडिंगं आधी स्टार आणि मग डेल्टा अशा दोन प्रकारे जोडणारा स्विच, स्टारमध्येच का सुरू करतात हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं, जोडायचे मात्र डोळे मिटून. आपोने त्यांना गुजरातीत समजावलं, खडूने फरशीवर काढून, की स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही, अठ्ठावन्न टक्के मिळतं, त्यामुळे लाइनमधला करंट डेल्टाच्या एक तृतीयांश होतो आणि मोटर दचकत नाही. काका म्हणाले, वीस वर्षं जोडतोय, आज समजलं. शंभर वर्षांपूर्वी गज्जरांचा हाच आग्रह होता, की हुन्नर शिकणाऱ्याला त्याच्या भाषेत शिकवा. आपोने गज्जरांचं नावही तेव्हा ऐकलं नसेल.

मुली किती होत्या?

चार. एक जीटी, एक मी, एक सिंक्रो आणि एक जी दुसऱ्या वर्षी केमिकलला बदलून गेली आणि आता कोयलीला रिफायनरीत आहे.

सिंक्रोचं नाव अल्टरनेटरच्या प्रॅक्टिकलवरून. दोन अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारी यंत्रं, पॅरलल जोडायचे तर मधे तीन दिवे लावतात, ते एकत्र उजळतात आणि विझतात, फ्रिक्वेन्सीतला फरक जितका कमी तितकं सावकाश, आणि पूर्ण अंधार होतो त्या क्षणी स्विच टाकायचा. मुलं घाई करायची, धाड असा आवाज आणि मीटरचा काटा टोकाला. ही उभी राहायची. एकदा विझले, सोडून दिलं, दुसऱ्यांदा विझले, सोडून दिलं, पाठीमागे मुलं "टाक ना! टाक ना!" करतायत, आणि चौथ्यांदा हिने असा टाकला की काटा हलला नाही. आवाजच नाही! ते बघून मला जे वाटलं तसं मला गाण्याच्या बैठकीत समेवर वाटतं, दुसरीकडे कुठे नाही.

रेल्वेवाल्याची गाडी खरंच कधी चुकली नाही?

चुकली नाही कारण तो राहायचाच प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये, वडील रेल्वेत. त्याच्याशी कुठल्याही विषयावर बोला, पाच मिनिटांत तो डभोईला पोचायचा. भारतातली पहिली नॅरोगेज लाइन गायकवाडांची, डभोई ते मियागाम, १८६२, आणि सुरुवातीला डबे बैल ओढायचे. हे सांगताना त्याचे डोळे चमकायचे, आणि चौथ्या वर्षी सुद्धा पहिल्यांदाच सांगतोय अशा चेहऱ्याने सांगायचा. ७६२ मिलिमीटर हे त्याचं माप. ड्रॉईंग टेबल दीड नॅरोगेज, हॉस्टेलची खाट अडीच नॅरोगेज. ट्रॅक्शनच्या, म्हणजे विजेवर गाड्या चालवायच्या विषयाच्या, तोंडी परीक्षेला एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, एक प्रश्न विचारला आणि हा वीस मिनिटं बोलला, एक्स्टर्नलने चहा मागवला तो त्याच्यासाठी पण. आज रेल्वेतच आहे. कुठे आणि काय ते सांगत नाही, पण त्याच्या गाड्या वेळेवर असतात एवढं मला माहितीये.

भेग तर सिव्हिलचा, मग तो या यादीत कसा?

पहिलं वर्ष सगळ्या ब्रँचचं एकत्र असायचं, वर्कशॉपमध्ये तो माझ्या शेजारच्या व्हाइसवर, म्हणजे लोखंड धरायच्या पकडीवर, होता, कानस कशी धरायची ते मला त्याने दाखवलं. पण यादीत तो आहे ते २६ जानेवारी २००१ मुळे.

सकाळी पावणेनऊ, आम्ही झेंडावंदनाला जमलेलो. आधी वाटलं चक्कर आली, मग समोरचा खांब हलताना दिसला, मग कोणीतरी ओरडलं. भूजमध्ये काय झालं आणि अहमदाबादमध्ये किती इमारती पडल्या ते दुपारपर्यंत कळायला लागलं. बडोद्यात त्या मानाने वाचलो पण लोक घाबरून घरात जायला तयार नव्हते, जो तो भिंतीवरच्या भेगा दाखवत सुटलेला. भेग तेव्हा तिसऱ्या वर्षाला होता. त्यांच्या सरांबरोबर तो आठवडाभर सोसायट्या फिरला, हातात टॉर्च आणि वही. प्लास्टरची भेग वेगळी, विटांच्या आणि कॉलमच्या जोडावरची वेगळी, आणि कॉलममध्येच तिरपी गेली असेल तर ती वेगळी, तेव्हा मात्र लगेच सर. खाली पार्किंग, नुसते खांब, भिंती नाहीत आणि वर चार-पाच मजले, अशा बिल्डिंगा त्या भूकंपात जास्त पडल्या, खालचा मजला वरच्यापेक्षा लवचिक राहतो म्हणून सगळी हालचाल तिथेच एकवटते, हे मला त्याने आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून सांगितलं.

आमच्या मजल्यावर एक आजी होत्या, चार दिवस खाली अंगणात खाट टाकून झोपत होत्या, सून समजावून थकली. भेगने त्यांच्या खोलीतल्या भेगेवर पेन्सिलने दोन टोकांना खुणा केल्या, तारीख घातली आणि म्हणाला, "आजी, रोज बघा, रेघेच्या पुढे गेली तर मला बोलवा, नाही गेली तर घर शाबूत." त्या रोज चष्मा लावून बघायच्या. सहाव्या दिवशी वर झोपायला गेल्या. तो वीस वर्षांचा होता तेव्हा, आणि त्याला चिडवायला दिलेलं नाव त्या आठवड्यानंतर आम्ही मान देऊन घ्यायला लागलो.

सेव उसळ कुठे खायचात?

गाडी आता नाही. तिखट तरी मागायची असेल तर आधी पाव मोजून घ्यायचे, हा नियम मात्र अजून लागू आहे.

हे म्हणजे फिशपॉन्डच झालं ना?

नाही. शेलापागोटे, फिशपॉन्ड, जे काही म्हणा, ते एका ओळीचं असतं, चिठ्ठीवर नाव नसतं, आणि सभागृह हसलं की संपलं. मला ते कधीच पूर्ण आवडलं नाही कारण जाड मुलगी, काळा मुलगा, इंग्रजी न येणारा मुलगा, फिरून फिरून तीच माणसं आणि तेच विनोद. माणूस काय आहे यावर हसण्यापेक्षा काय करतो यावर हसावं, त्याने निवडलेलं असतं ते. म्हणून माझ्या चौदा पानांत कोणाचा रंग, वजन, मार्क काही नाही, आणि प्रत्येकाखाली माझी सही आहे.

आधी पंधरा होती म्हणे. एक कुठे गेलं?

होय, पंधरा होती. एका मित्राच्या पानावर मी त्याच्या केट्यांबद्दल, म्हणजे नापास होऊन राहिलेल्या विषयांबद्दल, लिहिलं होतं, सात विषय घेऊन बसला आणि एकेक करून सगळे काढले, मला ते शौर्याचं वाटलं होतं. कार्यक्रमाच्या आधी त्याला दाखवलं तर तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मुलगा माझ्याबरोबर आलाय गं." मी पान परत घेतलं. ज्याचं आयुष्य आहे त्याने ठरवायचं, यात मला वाद घालायचा नाही, आणि ते पान आता कोणालाच मिळणार नाही, कृपया मागू नका.

मलाही माझ्या वर्गावर लिहायचंय, सुरुवात कशी करू?

हातांपासून करा. माणसाचा चेहरा आठवायला गेलं की फोटोतला आठवतो, पण हात काय करत होते ते खरं आठवतं. कोण सोल्डरिंग करताना जीभ बाहेर काढायचा, कोण कॅल्क्युलेटरची बटणं न बघता दाबायचं, कोण दुसऱ्याच्या डब्यातली भाजी आधी संपवायचं. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत वरच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, आमच्यातला एक जण तिथे चपला हातात घेऊन चालायचा, खालच्या वाचणाऱ्यांना आवाज नको म्हणून. त्याच्याबद्दल बाकी काही नाही लिहिलं तरी चालण्यासारखं होतं. आणि लिहून झालं की त्या माणसाला आधी दाखवा.

अर्थिंगचं वाचताना तुम्ही मधेच थांबलात, काय झालं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय.

अर्थिंग म्हणजे वायरिंगमधली ती जमिनीत जाणारी तार. मशिनच्या बॉडीत कुठे करंट उतरला तर तो माणसाच्या अंगातून जायच्या ऐवजी तिच्यातून जमिनीत जातो. सगळं नीट चाललेलं असताना तिच्यात काहीच वाहत नाही म्हणून कोणाचं तिच्याकडे लक्ष नसतं. आमचा अर्थिंग तसा होता. कोणाचा पेपर वाईट गेला, कोणाचं प्रेम मोडलं, कोणाचं घरी भांडण झालं, सगळे येऊन याच्यावर चिडायचे, याला बोलायचे, आणि हा ऐकून घ्यायचा आणि ते पुढे कुठे जायचं नाही. चार वर्षांत आमच्या वर्गात एकही मोठं भांडण झालं नाही आणि त्याचं कारण हा होता, हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, ओल धरून ठेवायला, आणि उन्हाळ्यात वरून पाणी ओततात कारण माती सुकली की रेझिस्टन्स वाढतो आणि मग ती काम करत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये आम्ही त्याला रोज उसाचा रस पाजायचो, "चल, अर्थिंगला पाणी घालायचंय" म्हणून ओढत न्यायचो. हा वर्गाचा लाडका खेळ होता. मी हे सगळं लिहिलं, गमतीने लिहिलं, आणि वाचताना त्या ओळीवर आले तेव्हा समोर तो बसला होता, केस पांढरे झालेले, आणि माझ्या लक्षात आलं की रस पाजताना पण आम्हीच बोलत असायचो. त्याला काय झालंय हे चार वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या वर्षांत त्याची आई आजारी होती, हे मला त्याच दिवशी दुपारी जेवताना कळलं होतं. म्हणून थांबले.

वाचून झाल्यावर तो आला, पान मागून घेतलं, चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, "उन्हाळ्यात या की, रस प्यायला." तर एप्रिलचा पहिला रविवार ठरलाय, संध्याकाळी पाच, रावपुरा टॉवरपाशी. यावेळी तो बोलणार आहे आणि आम्ही ऐकणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी मला आदल्या शुक्रवारपर्यंत कळवा, आपो अमरेलीहून येतोय.